जेराचे डोंगरावर का राहिलं?

इटलीच्या टोकाला, कालाब्रियाच्या आयोनियन किनाऱ्यावर, समुद्रापासून दहाएक किलोमीटर आत एक सपाट माथ्याचा खडक उभा आहे. उंची पाचशे मीटरच्या आतबाहेर, भोवती तुटलेले कडे, पाठीशी आस्प्रोमोन्तेचे डोंगर. या माथ्यावर जेराचे नावाचं गाव आहे. खालच्या उतारांवर ऑलिव्हच्या बागा, उन्हाळ्यात कोरडे पडणारे दगडगोट्यांचे रुंद ओढे आणि अगदी किनाऱ्याला, रेल्वेमार्गाला चिकटून, लोक्री हे आजचं शहर. गाव इतक्या उंचावर का, याचं एक ठरलेलं उत्तर आहे. नवव्या-दहाव्या शतकात सिसिलीच्या बाजूने सारासेन, म्हणजे अरब हल्लेखोर आले, किनाऱ्यावरची माणसं जीव मुठीत धरून वर पळाली आणि तिथेच राहिली. दक्षिण इटलीतल्या कितीतरी डोंगरी गावांच्या बाबतीत हेच सांगितलं जातं. मराठी वाचकाला ते चटकन पटेल, कारण डोंगरमाथा म्हटला की आपल्याला गड आठवतो. पण गडावर शिबंदी राहते, कुणबी पायथ्याला राहतो. जेराचेत उलट आहे: शेत खाली आणि शेतकरी वर. हल्ला होईल तेव्हा वर जाणं कुणालाही समजेल. हल्ला नसलेल्या शेकडो वर्षांत रोज पहाटे उतरून संध्याकाळी चढण्याचा खटाटोप पिढ्यान्‌पिढ्या कुणी का करावा, याचं उत्तर सारासेनांच्या गोष्टीत नाही. माझ्या मते गावाला वर चढवण्यात भीतीचा वाटा होता, पण त्याला वर बांधून ठेवलं ते खालच्या तापाने आणि जमिनीच्या मालकीने.

खालून सुरुवात करू. आजच्या लोक्री शहराच्या दक्षिणेला, ऑलिव्हच्या झाडांमध्ये, लोक्री एपिझेफिरी या ग्रीक नगराचे अवशेष पसरले आहेत. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आरंभी मध्य ग्रीसमधल्या लोक्रिसहून आलेल्या लोकांनी ते वसवलं. ग्रीक जगातली पहिली लिखित कायदेसंहिता इथल्या झालेउकसने केली असं परंपरा सांगते. पर्सेफोनी देवीचं इथलं देवस्थान दूरवर प्रसिद्ध होतं. पाओलो ओर्सी या पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे उत्खनन केलं, तेव्हा देवीला वाहिलेल्या भाजक्या मातीच्या उठावचित्रांच्या फरश्या खचाखच निघाल्या: देवीचं हरण, लग्नाची तयारी, पेटीत वस्त्रं ठेवणारी बाई. भरलेलं, सुखवस्तू नगर होतं, आणि होतं सपाटीवर, समुद्राजवळ. त्याला शत्रू नव्हते असं नाही. शेजारच्या क्रोतोनशी त्याची लढाई झाली. सिराक्यूजच्या राजकारणात ते गुंतलं. एपिरसचा राजा पिऱ्हस याने देवीचा खजिना लुटला, शहर हॅनिबलच्या बाजूला गेलं, आणि रोमने ते परत घेतल्यावर स्किपिओचा अधिकारी प्लेमिनियस याने तोच खजिना इ.स.पूर्व २०५ मध्ये पुन्हा धुऊन नेला. इतकं सोसूनही लोक डोंगरावर गेले नाहीत. त्यांनी तट बांधला, तो पडला तेव्हा दुरुस्त केला. संकट समुद्रातून आलं की माणूस आपोआप डोंगर चढतो, हा नियम खुद्द याच जागी, हजारभर वर्षं, चाललेला दिसत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दुबळा नाही. ग्रीक यायच्या आधी इथले मूळ रहिवासी उंचावरच राहत. जेराचेच्या बाजूच्या टेकड्यांवर, कानाले आणि जांकिना इथे, ग्रीक वसाहतीपूर्वीची दफनं ओर्सीनेच उकरून काढली. मग डोंगर हीच या भूमीची जुनी सवय आणि किनाऱ्यावरचं ग्रीक नगर हाच अपवाद, असं का म्हणू नये? म्हणता येईल. पण त्यानेही सारासेनांची गोष्ट सुटत नाही, उलट अडचणीत येते. वस्ती अरबांच्या दीड हजार वर्षं आधी उंचावर होती, मग खाली आली, मग वर गेली आणि आपल्या जवळच्या काळात पुन्हा खाली उतरली. एवढ्या हेलकाव्याला एकच शत्रू कसा पुरेल?

वर जाण्याचा काळ नीट पाहिला तर शंका आणखी वाढते. चौथ्या शतकापर्यंत सखल भागात वस्ती होती, आणि ती श्रीमंत होती. लोक्रीच्या दक्षिणेला काझिन्याना इथे रोमन हवेलीची स्नानगृहं आणि त्यांची मोझाइकची जमीन आहे. १९६३ मध्ये नळाचं काम करताना ती हाती लागली. सागरी देवता, मासे, भूमितीच्या आकृत्या: घाबरून राहणाऱ्या माणसांचं हे काम नव्हे. त्यानंतर मात्र नगर विरळ होत गेलं आणि आठव्या शतकाच्या अखेरीस इथला बिशप लोक्रीचा म्हणून नव्हे, तर सेंट किरिआकीचा म्हणून ओळखला जाऊ लागला. सेंट किरिआकी हे वरच्या जेराचेचं बायझंटाइन नाव. अरबांनी सिसिली जिंकायला ८२७ मध्ये सुरुवात केली. म्हणजे धर्माची गादी डोंगर चढली ती त्या लाटेच्या एक पिढी तरी आधी. यावर उत्तर देता येईल की सिसिलीवरचे समुद्री छापे सातव्या शतकापासूनच पडत होते आणि उत्तरेकडून लाँगोबार्दांचा दाब होताच. मान्य. पण मग आपण एका शत्रूच्या गोष्टीतून बाहेर पडून राज्यसंस्थेच्या गोष्टीत आलो. व्यापार आटलेला, बंदरं ओस, खजिना रिकामा. अशा वेळी बायझंटाइन सत्तेला करवसुली, पलटण आणि बिशप एकाच राखता येण्याजोग्या ठिकाणी आणायचे होते. गाव पळून वर गेलं असं म्हणण्यापेक्षा ते वर हलवलं गेलं असं म्हणणं पुराव्याला अधिक जवळचं आहे. त्या स्थलांतराची मोठी खूण जेराचेच्या महामंदिरात उभी आहे. कालाब्रियातल्या या सर्वांत मोठ्या कॅथेड्रलच्या आतले खांब एका जातीचे नाहीत. कुठे रंगीत संगमरवर, कुठे ग्रॅनाइट, जाडी वेगळी, उंची पायथ्याशी कमीजास्त करून जुळवलेली. ते जुन्या इमारतींतून, बहुधा खालच्या लोक्रीतूनच, आणलेले आहेत. नॉर्मन राज्यकर्त्यांच्या काळात हे काम झालं. एवढे दगड पाचशे मीटर चढवायला बैल लागतात, पैसा लागतो, हुकूम देणारा लागतो आणि निवांत वर्षं लागतात.

अरबांचं संकट काल्पनिक होतं असं मात्र कुणी समजू नये. ९०२ मध्ये अरब अमीर दुसरा इब्राहिम सामुद्रधुनी ओलांडून थेट कोसेन्झापर्यंत आला आणि तिथल्या वेढ्यातच मेला. ९५१ मध्ये सिसिलीचा अमीर हसन अल-कल्बी याने जेराचेलाच वेढा घातला आणि पुढच्या वर्षी बायझंटाइन सैन्याला या परिसरात हरवलं. कडे कामी आले यात शंका नाही. पण खडकाने गावकऱ्यांना नुसता आसरा दिला नाही, हत्यारही दिलं, आणि ते त्यांनी ख्रिस्ती नॉर्मनांवरही चालवलं. १०६२ चा प्रसंग त्यासाठी मुळातून पाहण्यासारखा आहे.

नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार आणि त्याचा धाकटा भाऊ रॉजर यांच्यात कालाब्रियाच्या वाटणीवरून तंटा लागला. कबूल केलेला अर्धा हिस्सा थोरला देईना. त्याने रॉजरला मिलेतोत कोंडलं, तेव्हा रॉजर रात्रीचा निसटून जेराचेला आला आणि गावाने त्याला वेशीतून आत घेतलं. रॉबर्ट मागोमाग आला, खाली तळ ठोकून बसला. कडा चढता येईना, म्हणून त्याने भेदाचा मार्ग धरला. गावातला बासील नावाचा एक वजनदार गृहस्थ त्याला अनुकूल होता. डोक्यावर टोपडं ओढून, वेष पालटून रॉबर्ट त्याच्याकडे जेवायला गेला. पान मांडलं जाईपर्यंत बातमी फुटली. जमाव दारात आला. बासील चर्चच्या आडोशाला पळाला, तिथेच मारला गेला. त्याच्या बायकोला सुळावर चढवलं. रॉबर्टने जमावाला पुढच्या सुडाची भीती घालत, वेळ काढत कसाबसा जीव वाचवला आणि तो कैदेत पडला. त्याची सुटका केली ती रॉजरनेच. बाहेर तळावर येऊन त्याने भावाला स्वतः शिक्षा करण्याच्या मिषाने ताब्यात मागितलं, आणि दोघे भाऊ गळ्यात पडले. ही हकीकत जोफ्रेदो मालातेर्रा या मठवासी इतिहासकाराची आहे. तो रॉजरच्या आश्रयाला होता, त्यामुळे रॉजरचं थोरपण थोडं सावधपणेच घ्यावं. गावकऱ्यांचं चित्र मात्र त्याने त्यांच्या प्रेमापोटी रंगवलेलं नाही, म्हणून ते अधिक विश्वासार्ह. दोन नॉर्मन सरदारांपैकी कुणाला आत घ्यायचं, कुणाला कोंडायचं, कुणाशी कोणत्या अटीवर बोलायचं हे ठरवणारं हे ग्रीक भाषक नगर कपारीत लपलेल्या निर्वासितांचं दिसत नाही. पुढेही ते ग्रीक विद्येचं ठाणं राहिलं. पेट्रार्काला ग्रीक शिकवणारा बार्लाम १३४२ मध्ये इथलाच बिशप झाला, आणि ग्रीक पूजाविधी जाऊन लॅटिन आला तो १४८० मध्ये. सत्ता, न्याय, धर्म, बाजार सगळं वर असल्यावर माणूस वर राहतो, त्याला रोज शत्रू दिसावा लागत नाही.

सारासेनांच्या गोष्टीचे समर्थक इथे सोळाव्या शतकाकडे बोट दाखवतील. उस्मानी आरमार आणि उत्तर आफ्रिकेतले चाचे यांनी या किनाऱ्यावरून माणसं पकडून नेली आणि गुलाम म्हणून विकली. स्पॅनिश व्हाइसरॉयने १५६३ पासून साऱ्या किनाऱ्यावर टेहळणीचे मनोरे उभारायला घेतले, त्यांतले कित्येक आजही दिसतात. भीती खरी होती आणि ती तीनशे वर्षं टिकली. पण तिला शेवट होता, आणि तो माहीत आहे. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जियर्स घेतलं आणि चाच्यांचा धोका संपला. गाव भीतीनेच वर राहिलं असतं, तर त्यानंतरच्या एका पिढीत उतरायला हवं होतं. १८४७ मध्ये चित्रकार एडवर्ड लियर कालाब्रियातून पायी फिरला तेव्हा जेराचे भरलेलं, चर्चांनी गजबजलेलं, आपल्या खडकावर जसंच्या तसं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात बूर्बोन राजाविरुद्ध उठाव झाला आणि ऑक्टोबरमध्ये पाच तरुणांना जेराचेत गोळ्या घातल्या गेल्या. देश घडवण्याचं राजकारण चालू होतं आणि गाव मात्र चाच्यांच्या काळातल्याच जागी. शत्रू गेला तरी जी गोष्ट हलत नाही, तिचं कारण त्या शत्रूपलीकडे शोधावं लागतं.

ते खालच्या सपाटीत सापडतं. आस्प्रोमोन्तेतून उतरणारे ओढे पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, दगडमाती घेऊन कोसळतात आणि उन्हाळ्यात आटून डबकी ठेवतात. वरची झाडी जसजशी तुटली तसतसा गाळ वाढला, मुखं तुंबली, किनाऱ्याला दलदल धरली. तिथे हिवताप पिकला. जुलै ते ऑक्टोबर हा त्याचा जोर, आणि गव्हाच्या मळणीपासून पुढची कामंही त्याच दिवसांतली. लोकांचा पक्का समज होता की दिवसा खाली राबलं तर चालेल, पण रात्र खाली काढू नये. कारण म्हणून ते दूषित हवेचं नाव घेत. कारण चुकलं होतं, नियम बिनचूक होता. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला आणि १८९८ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सीने दाखवलं की माणसात तो अ‍ॅनोफिलीस डास पसरवतो. श्रेयासाठी दोघे पुढे आयुष्यभर भांडले, तो इतिहास वेगळा. हा डास चावतो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. १९०० मध्ये ग्रास्सीने पेस्तुमजवळच्या कापाच्योच्या मैदानात प्रयोग केला. तिथल्या ११२ जणांना सायंकाळ ते पहाट जाळ्या लावलेल्या घरात ठेवलं. त्यांतल्या फक्त पाच जणांना ताप आला. आसपासची उघडी वस्ती मात्र जवळजवळ सगळी आजारी पडली. कापाच्योत जे तारेच्या जाळीने केलं, तेच जेराचेत खडकाची उंची कितीतरी शतकं करत होती: झोपेच्या वेळी माणसाला डासापासून दूर नेणं. शेतापर्यंतची रोजची पायपीट हा त्या संरक्षणाचा हप्ता होता.

यावर दोन आक्षेप आहेत. एक, डोंगरावरच्या लोकांनाही हिवताप होताच. शेजारच्या बासिलिकातात, आलियानो या डोंगरी गावी, १९३५-३६ मध्ये हद्दपारीत असलेल्या कार्लो लेव्हीने डॉक्टर म्हणून तेच पाहिलं. पण उंची रोग पुसत नाही, कमी करते. सुगीत रानातच झोपावं लागणारा मजूर तो ताप घेऊनच वर चढे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार: हिवताप जर इतका निर्णायक, तर ग्रीकांचं लोक्री किनाऱ्यावर फुललं कसं? दक्षिण इटलीतल्याच वेलिया आणि वान्यारी इथल्या रोमन काळातल्या सांगाड्यांच्या दातांतून घातक हिवतापाच्या परजीवीचा डीएनए मिळाला आहे. म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोग इथे होताच. उत्तर पाण्याच्या व्यवस्थेत आहे. भरलेलं नगर चर खोदतं, निचरा राखतं, ओलं रान नांगराखाली ठेवतं. नगर विरळ झालं की चर बुजतात, चर बुजले की डास वाढतात, डास वाढले की उरलेले लोकही उठतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की त्याला कुणी लुटारू यावा लागत नाही. पहिला धक्का लढाईने दिला असेल, करांनी दिला असेल, पण पुढचं काम डबक्यांनी केलं.

तरीही ताप सगळं सांगत नाही, आणि इथेच नेहमी विसरली जाणारी गोष्ट येते: जमीन कुणाची. याची परीक्षा पुलिया प्रांतात घेता येते. चेरिन्योला किंवा आन्द्रिया ही मोठी शेतकरी शहरं सपाटीवर आहेत, आसऱ्याला कडा नाही. तरी तिथलेही मजूर रानात विखरून न राहता शहरात दाटीने राहत आणि पहाटे चौकात उभे राहून दिवसाची मजुरी ठरवत. कारण जमीन मोजक्या मालकांची, मजुराला आज या शेतात तर उद्या त्या. रानात घर बांधणार कुणाच्या जागेवर? उलट त्याच पुलियात लोकोरोतोन्दोच्या टेकड्यांवर एकोणिसाव्या शतकात द्राक्षमळ्यांसाठी शेतकऱ्यांना जमीन जवळजवळ कायमच्या पट्ट्याने मिळाली. जमीन चुनखडीची, पाणी साचत नाही, ताप कमी. लोक गाव सोडून शेताशेतात दगडी घुमटाच्या घरांत जाऊन राहिले. समुद्र तिथूनही काही फार लांब नाही आणि चाचे तिथेही आले होते. भीती सारखी, पण मालकी वेगळी आणि पाणी वेगळं, तर वस्तीही वेगळी. जेराचेची जहागीर तर घराण्यांमागून घराण्यांकडे गेली, शेवटी जेनोवाच्या ग्रिमाल्दींकडे. १८०६ मध्ये सरंजामशाही कायद्याने संपली, पण जमिनी मुख्यतः नव्या श्रीमंतांनी उचलल्या. कालाब्रियाच्या किनारपट्टीवरची पडीक रानं डोंगरी गावांचे भूमिहीन दुसऱ्या महायुद्धानंतर ताब्यात घेऊ लागले. २९ ऑक्टोबर १९४९ ला मेलिस्सा या डोंगरी गावाचे लोक अशाच एका रानात उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तीन माणसं मेली. पुढच्या मे महिन्यात सिला पठार आणि लगतच्या आयोनियन प्रदेशासाठी जमीनवाटपाचा कायदा झाला. खाली राहायला जाण्याची इच्छा होती, अडवणारा सारासेन नव्हता.

जेराचे उतरलं तेही दोन हप्त्यांत, आणि या दोन हप्त्यांतलं अंतरच माझ्या म्हणण्याचा सर्वांत चांगला साक्षीदार आहे. तारान्तो ते रेज्जो हा आयोनियन रेल्वेमार्ग १८७५ मध्ये पूर्ण झाला. स्टेशनाभोवती जेराचे मरीना नावाची वस्ती वाढली. व्यापारी, वकील, कारकून, तेलाचे दलाल आधी खाली आले, कारण त्यांना क्विनीन परवडत होतं आणि पक्की घरं बांधता येत होती. शेतमजूर वरच राहिला. १९०० च्या आसपास इटलीत हिवतापाने वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसं मरत. त्या वर्षीच्या कायद्याने क्विनीन सरकारी मीठ-तंबाखूच्या दुकानांतून विकायला आलं, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले, पण रोग गेला नाही. तो गेला १९४७ पासूनच्या डीडीटी फवारणीनंतर; जागतिक आरोग्य संघटनेने इटलीला हिवतापमुक्त घोषित केलं १९७० मध्ये. जमीनवाटप, फवारणी आणि डांबरी रस्ता एकाच दशकात आले आणि मग शेतकरीही उतरला. सगळेच खुशीने उतरले नाहीत. आस्प्रोमोन्तेतलं आफ्रिको १९५१ च्या महापुरात उद्ध्वस्त झालं, सरकारने ते किनाऱ्यावर हलवलं आणि तिथल्या मेंढपाळांच्या वाट्याला कुरणाविना समुद्र आला. सरळ एका कारणाचा आग्रह धरणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं, मीही त्यात आलो.

मग सारासेनांची गोष्ट इतकी चिवट का? मला वाटतं, ती कुणाचंच नाव घेत नाही म्हणून. बाहेरून आलेला परका शत्रू, मेलेला, दूरचा. त्याच्यावर ठपका ठेवला की चर कुणी बुजू दिले, जंगल कुणी तोडलं, रान कुणी पडीक ठेवलं हे विचारावं लागत नाही. १९३४ मध्ये जेराचे मरीना या रेल्वेच्या गावाने लोक्री हे प्राचीन नाव घेतलं. दोन हजार वर्षांचा वारसा एका ठरावाने मिळाला, आणि मधला सगळा काळ, ज्यात बहुतेक माणसं वर राहिली आणि रोज खाली राबली, शत्रूच्या पराक्रमात बसवून टाकला. प्राचीन नगराचे बहुतेक अवशेष मात्र आज प्रशासकीय हद्दीने लोक्रीत नाहीत, शेजारच्या पोर्तिल्योला या छोट्या गावात येतात. त्याची जुनी वस्तीही टेकडीवरच आहे.